रक्त हिरवं केलं, पोट्टे तेच: गेमवर ठराव करून काय होणार?

धानपट्टीवाला
परवा गावच्या ग्रुपवर एका काकानं टाकलं, "बंदुकीच्या अन् घाण गेमनं पोट्टे बिघडले, येत्या ग्रामसभेत ठराव घ्या, ज्याच्या मोबाइलात गेम दिसन त्याचा मोबाइल पंचायतीत जमा." खाली अंगठ्यावर अंगठे. दोन दिवस गप्प बसलो, आता नाही बसवत. माह्यं लाखांदूरकडं मोबाइल रिपेरिंगचं दुकान आहे, कोणाच्या फोनात काय चालते हे मले ग्रामसभेपेक्षा जास्त माहीत.

बंदी याच्याआधी झाली नाही का? २ सप्टेंबर २०२० ले सरकारनं ११८ ॲप बंद केले, त्यात पबजी गेला. कारण काय दिलं तं देशाची सुरक्षा अन् डेटा, रक्त-शिव्या-संस्काराचा विषयच नव्हता. २०२१ मध्ये तोच खेळ बीजीएमआय नावानं आला, लाल रक्त हिरवं झालं, 'किल'च्या जागी 'फिनिश' आलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायर हा तसाच बंदुकीचा गेम गेला, त्याचाच जुळा फ्री फायर मॅक्स मात्र बाजूलेच चालू राह्यला. बीजीएमआय जुलै २०२२ मध्ये पुन्हा बंद अन् मे २०२३ मध्ये पुन्हा चालू, अठराच्या आतल्याले दिवसाचे तीन तास. माह्या काउंटरवर सातवीतलं पोट्टं बापाची जन्मतारीख टाकून मोकळं होते, बाप बाजूले उभा राहून स्क्रीनगार्ड पाहत राह्यते. आता सांगा, ठराव कोणासाठी पाहिजे?

साकोलीची आई
भाऊ, तुमचं दुकान आहे, तुम्ही गेमच्याच बाजूनं बोलणार. माझा मुलगा बारा वर्षांचा. दिवाळीच्या सुट्टीत ओसरीवर बसून खेळत होता, बाजूला त्याची आजी सुपात तांदूळ निसत होती. हेडफोनची पिन सैल झाली आणि आवाज बाहेर आला. आईबहिणीवरून अशा शिव्या की आजीचा हात सुपातच थांबला. त्याहून वाईट म्हणजे पोरगं दचकलंसुद्धा नाही, त्याला रोजचंच होतं ते. मला तुमच्या तारखा नका सांगू. ज्या घरात हे झालं त्या घराला बंदीच पाहिजे.

वडसा एक्सप्रेस
काकू, वाईट वाटलं, पण त्या शिव्या गेमनं नाही दिल्या, समोरच्या खेळणाऱ्यानं दिल्या. एस्टीत कोणी शिव्या देल्या तं एस्टी बंद करता का?

मी इंजिनिअरिंगले आहे, जीटीए फाइव्ह पूर्ण खेळलो. त्यात माणसाचा छळ करायचा एक सीन आहे, २०१३ पासून जगभर त्याच्यावर भांडण चालू आहे. मलेही तो सीन नाही पाहवला. पण तो गेम मोठ्यांसाठीच आहे, कव्हरवर तसं छापून राह्यते. अमेरिकेत मॉर्टल कोंबॅट या मारामारीच्या गेमवरून १९९३ मध्ये सिनेटपुढं सुनावणी झाली, १९९४ मध्ये वयाचं रेटिंग आलं. पुढं कॅलिफोर्नियानं लहान पोराईले हिंसक गेम विकायले कायद्यानं बंदी केली, तं २०११ मध्ये त्याईच्या सुप्रीम कोर्टानं सात विरुद्ध दोन मतांनी ती रद्द केली. पुस्तकाले जे स्वातंत्र्य तेच गेमले, असं म्हटलं.

अन् संस्काराचं म्हणाल तं आपल्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकात रात्री एक वाजता जो हंगामा, म्हणजे मधात घुसवलेला नाच, चालते, तो मांडीवर लेकरू घेऊन पाहतच ना सगळे? तिथं कोणाले ठराव नाही सुचत.

ऑर्गनवाला
नाटकाले मधात आणायचं काम नव्हतं. मी बावीस वर्षं ऑर्गन वाजवून राह्यलो. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा, लागली की धान कापलेल्या बांधीत मांडव पडते, दिवसा दंडारीचं लोकनाट्य नाही तं शंकरपटाची बैलांची शर्यत, रात्री नाटक, पहाटेपर्यंत. सासरी गेलेल्या लेकी त्या निमित्तानं माहेरी येते. कलाकार, वादक, नेपथ्यवाले, पेंटर, भजेवाले, किती घरं जगते त्याच्यावर, तुले माहीत आहे का? तू वडश्याचा असून असं लिहितो!

वडसा एक्सप्रेस
घरं जगते हे कोण नाकारून राह्यलं? मी हंगाम्याबद्दल बोललो. गेमनंही घरं जगते, मंग?

ऑर्गनवाला
हंगामा आम्ही नाही मागत. आयोजक म्हणते, नाच नसन तं तिकीट विकत नाही. नाटकाची संहिता सरकारच्या परिनिरीक्षण मंडळाकडं तपासाले जाते, मधात घुसवलेला नाच कोण तपासते? गेल्या हंगामात बापाच्या मरणाचा प्रवेश चालू होता, समोर बाया पदरानं डोळे पुसत होत्या अन् मागून पोट्टे वरडले, "नाच लाव बे!" हिरोईननं वाक्य अर्ध्यात सोडलं. मीच सूर धरून ठेवला, हात कापत होते माह्ये. तेव्हा आम्हाले नको सांगू मर्यादा काय असते. गेमच्या बाजूनं बोल, पण आमच्या पोटावर पाय देऊन नको बोलू.

निवृत्त मास्तर, आरमोरी
दोघांचंही भांडण एकाच जागी येतं, मर्यादा कोणी ठरवायची. कोर्टाचा दाखला देणाऱ्याने हेही सांगावं की २००९ च्या कॉल ऑफ ड्यूटी मॉडर्न वॉरफेअर टू मध्ये खेळणाऱ्याला अतिरेक्यांच्या टोळीत घालून विमानतळावर निःशस्त्र प्रवाशांवर गोळीबार चालू असतो. तो भाग वगळायची सोय कंपनीनेच दिली होती. म्हणजे आपण काय करतो आहोत हे त्यांना कळत होतं. माझा भाचा पोलिसात, गडचिरोलीच्या आतल्या भागात सात वर्षं होता. फोन वाजला की बहीण आधी देवाकडे बघायची. ज्या जिल्ह्यात गोळीचा आवाज खरा आहे तिथे बंदूक हा खेळ वाटत नाही, निदान मला नाही वाटत.

वडसा एक्सप्रेस
सर, त्या सीनमध्ये एकही गोळी न झाडता चालत जाता येते. मी तसाच गेलो. मले तं तो सीन अस्वस्थ करासाठीच ठेवला असं वाटलं. पण तुमच्या बहिणीबद्दल वाचलं तं पुढं काही लिहिवत नाही. हा मुद्दा मी सोडतो. बंदीचा नाही सोडत.

दारव्ह्याचा कास्तकार
तुम्ही रक्त अन् नाचावर भांडून राह्यले, माह्या घरात ज्या गेमनं आग लावली त्यात रक्ताचा थेंब नव्हता. जवाई माहा, बहिणीचा नवरा, सोयाबीन विकून आला, पैसे खात्यात. रमी. पत्ते छान रंगीत, शिवी नाही, बाई नाही, वरून क्रिकेट लागलं की मोठमोठ्या खेळाडूईच्या जाहिराती. दीड महिन्यात खातं साफ, मंग बायकोची पोत गहाण. बहीण रात्रीतून लेकरं घेऊन आमच्याकडं आली, पायात चप्पल नव्हती तिच्या. तवा कोण्या ग्रामसभेनं ठराव घेतला? ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैशाच्या ऑनलाइन गेमवर कायद्यानं बंदी आणली, तोवर आमची पोत गेली होती. बंदी काहीच कामाची नाही म्हणणाऱ्या दुकानवाल्या भाऊले इचारतो, ही बंदी पण नको होती का?

धानपट्टीवाला
ही पाहिजे होती. अन् लवकर पाहिजे होती. माह्या दुकानातही लोकं रमीचं ॲप टाकून मागत, मी टाकून देत होतो, वीस रुपये घेत होतो. हे लिहिताना बरं नाही वाटत. पण पाहा ना, तिथं नुकसान मोजता आलं म्हणून कायदा लिहिता आला. 'घाण' हा शब्द ठरावात लिहिला तं उद्या कोणाचाही फोन उचलता येते, अन् मांडवातल्या नाटकावरही तोच ठराव लागू करता येते. ऑर्गनवाले भाऊ, तुम्ही तरी याच्या बाजूनं नका जाऊ.

साकोलीची आई
पैशाचं पटलं. शिव्या समोरच्या पोरांच्या होत्या हेही कबूल करते, मनातून नाही पटत तरी. पण उद्या दुपारी शाळेतून आल्यावर तो पुन्हा ओसरीवर बसणार, तोवर मी काय करू ते सांगा. तुमचे कायदे येईपर्यंत माझं पोरगं मोठं होईल.

धानपट्टीवाला
काकू, फोन अन् पोट्ट्याले घेऊन दुकानात या, रविवारी चालू राह्यते. खेळाच्या सेटिंगमध्ये आवाजाचा भाग आहे, तिथून बोलणं-ऐकणं दोन्ही बंद करून देतो. जन्मतारीख त्याची खरी टाकू, तीन तासाचा नियम त्याले लागू द्या. पैसे नाही घेणार.

ऑर्गनवाला
मी कोणाच्याच बाजूनं नाही गेलो. ते वडश्याचं पोट्टं मंडईले आलं तं त्याले मांडवात माह्या बाजूले बसवा, पहिल्या अंकापासून.

वडसा एक्सप्रेस
येतो. पण हंगामा लागला तं उठून जाईन, आत्ताच सांगून ठेवतो.