मदत हवी आहे: गोबरगॅसच्या स्लरीच्या पाण्यावर शेवाळ तगत नाही

गोठा_संगमनेर
२५ संकरित गाई, १० घनमीटरचा दीनबंधू (घुमटाच्या टाकीचा) गोबरगॅस. रोज २५० किलो शेण आणि तेवढंच पाणी आत जातं, गॅसची तक्रार नाही. स्लरी, म्हणजे गॅस झाल्यावर बाहेर येणारा शेणकाला, रेतीच्या वाफ्यावर गाळली की खाली चहासारखं काळसर पाणी निघतं, दिवसाला साधारण ३०० लिटर. ते शेवाळाकडून साफ करून घ्यायचंय.

हौद १० मीटर लांब, ३ मीटर रुंद, पाणी २५ सेंमी, मधे भिंत आणि पाणी फिरवत ठेवणारं पॅडल व्हील. म्हणजे ७५०० लिटर. त्यात १५०० लिटर गाळलेली स्लरी, बाकी विहिरीचं पाणी, विरजण म्हणून तळ्यातलं २०० लिटर हिरवं पाणी. सुरुवातीला हिरवट झाक येते, मग पाणी तपकिरी होतं, फेस येतो, डोळे चुरचुरतात. दुपारी पाणी ३० अंश, पीएच ८.८. मत्स्यालयाच्या किटवर अमोनियाचा रंग थेट शेवटच्या खणात जातो. खत कमी पडतंय का? १९:१९:१९ खत टाकू?

पाणीपारखी
खताचं पोतं लांब ठेवा. तुमच्याकडे नत्र कमी नाही, बेसुमार जास्त आहे.

ते किट ८ मिग्रॅ/लिटरपर्यंतच मोजतं. ५ मिली गाळलेली स्लरी घ्या, १ लिटर डिस्टिल्ड पाण्यात मिसळा, मग मोजा आणि उत्तराला २०० ने गुणा. शेण-पाणी समसमान असेल तर ८०० ते ९०० च्या आसपास यावं. ८५० धरलं तर तुमच्या हौदात आत्ता १७० मिग्रॅ/लिटर अमोनिया-नत्र आहे.

आता पीएच बघा. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो. अमोनियम शेवाळ खातं, मुक्त अमोनिया शेवाळाला मारतो. ३० अंशाला पीएच ७.५ असताना मुक्त भाग अडीच टक्के, ८ ला सात टक्के, ८.८ ला तब्बल एक तृतीयांश. म्हणजे तुमच्या हौदात ५५ मिग्रॅच्या वर मुक्त अमोनिया. डोळे चुरचुरतात ते त्यानेच. पीएच चढण्याचं कारण पॅडल: ढवळलं की स्लरीतला कार्बन डायऑक्साइड उडून जातो, शेवाळाने तोंड उघडायच्या आधीच पीएच साडेआठला पोचतो. पुढे शेवाळ वाढलं की तेही कार्बन डायऑक्साइड ओढतं आणि दुपारी पीएच ९ च्या वर जातो.

आता मुख्य हिशेब. उघड्या हौदात दर चौरस मीटरला दिवसाला १० ते १२ ग्रॅम सुकं शेवाळ निघालं तर चांगलं म्हणायचं. तुमचे ३० चौ.मी., म्हणजे ३०० ते ३६० ग्रॅम. त्यात नत्र ८ टक्के धरा, २५ ते ३० ग्रॅम. तुमच्या ३०० लिटर पाण्यात रोज २५५ ग्रॅम नत्र येतं. हौद आठपट लहान आहे. रोज ३० ते ३५ लिटरच घाला, त्यापुढे नाही.

नव्याने सुरू करताना हौदातलं सगळं पाणी चाऱ्याला सोडा. ७५०० लिटरला २५० लिटरच गाळलेली स्लरी, विरजण ७०० ते ८०० लिटर. पांढरं झाकण काठीला बांधून बुडवा. १०–१२ सेंमीवर दिसेनासं झालं तर ठीक, ५ सेंमीवरच दिसेनासं झालं तर उजेड खाली पोचत नाही, आणखी पातळ करा. रोजची स्लरी सकाळी घाला, तेव्हा पीएच सगळ्यात खाली असतो. दुपारी घातली तर तोच डोस विषारी ठरेल. पॅडलचा वेग बघायला वाळलेलं पान टाका: १० मीटर जायला ५०–६० सेकंद लागायला हवेत.

गॅसचा कार्बन डायऑक्साइड हौदात सोडून पीएच उतरवायचा विचार येईल. कच्चा गोबरगॅस उघड्या पाण्यात बुडबुडवू नका. मिथेन वाया जातो, आणि हवेत ५ ते १५ टक्के झाला की ठिणगीला भडकतो.

चारापाणी
एक विचारतो. गाईंच्या खुरांना मोरचुदाचं (कॉपर सल्फेटचं) पाणी वापरता का? ५ टक्क्यांच्या एका लिटरमध्ये जवळपास १२ ग्रॅम तांबं असतं. ते लिटरभर तुमच्या हौदात गेलं तर दीड मिग्रॅ/लिटरच्या वर. मोरचूद तळ्यातलं शेवाळ मारायला यापेक्षा कमी मात्रेत वापरतात.

गोठा_संगमनेर
हो, मोरचूद वापरतो! गोठ्याची धुलाई हौदाकडे येणाऱ्या नाल्यातूनच येते. पाणीपारखी साहेब, उरलेल्या २६५ लिटरचं काय करू? आणि मलमलच्या कापडाने शेवाळ गाळता येईल का?

पाणीपारखी
चारापाणींनी दुखणं अचूक पकडलं. मोरचूद आणि फिनाइलचं पाणी वेगळ्या खड्ड्यात वळवा. गॅसच्या टाकीतही नको, मिथेन करणारे जीवाणू फिनाइलने मंदावतात.

उरलेल्या २६५ लिटरमध्ये सव्वादोनशे ग्रॅम नत्र आहे, म्हणजे रोज अर्धा किलो युरिया. मका-नेपियरला पाटपाण्याबरोबर संध्याकाळी द्या, उन्हात अमोनिया उडतो. ओढ्यात सोडायचा विचार नको: केंद्राच्या १९८६ च्या नियमांत बीओडीला (पाण्यातली घाण कुजताना लागणारा ऑक्सिजन) नदी-नाल्यासाठी ३० आणि शेतीसाठी १०० मिग्रॅ/लिटरची मर्यादा आहे, तुमचं पाणी न मोजताही त्याच्या कितीतरी वर आहे; म्हणूनच चाऱ्यालाही पाटपाण्यात मिसळूनच द्यायचं.

मलमल स्पिरुलिनाला चालते, तिच्या लांब दोऱ्या असतात. तुमच्याकडे येणारं क्लोरेला किंवा सिनेडेस्मस काही मायक्रॉनचं, कापडातून आरपार जातं. हौदाच्या बाहेर वेगळ्या टाकीत चुन्याची निवळी घालून पीएच ११ च्या आसपास न्या, मॅग्नेशियमचा गाळ बसताना शेवाळ घेऊन बसतो. तो गाळ खताला, गाईंना अजिबात नाही. गॅसच्या टाकीतही परत टाकू नका: क्लोरेलाची भिंत जाड, पचन अर्धवट, आणि नत्र फिरून तुमच्याच हौदात.

चारापाणी
आणि एखाद्या सकाळी हिरवा हौद एकदम नितळ दिसला तर खुश होऊ नका. ग्लासात पाणी घेऊन उजेडात धरा. लालसर ठिपके टुणटुण उड्या मारत असतील तर डॅफ्निया (पाण्यातला बारीक जीव) आहे, दोन-चार दिवसांत अख्खं शेवाळ फस्त करतो. अर्ध्याहून जास्त पाणी चाऱ्याला सोडा आणि विरजणाची एक टाकी जाळी लावून कायम बाजूला ठेवा.