सागरविज्ञान शिकताना: तुमचे अनुभव लिहा

सागरी आणि किनारी विज्ञान शिकलेल्यांनी, शिकत असलेल्यांनी माहितीपुस्तिकेत न सापडणारं इथे लिहावं. सुरुवात मी करते.

आमचं वेळापत्रक ओहोटी ठरवायची. ती रोज साधारण 50 मिनिटं उशिरा येते, म्हणजे काल सातला गाठलेला खडक आज पावणेआठपर्यंत पाण्यातच. उधाणाचे दिवस, म्हणजे ओहोटीत पाणी सगळ्यात दूर हटतं ते, तर महिनाभर आधी राखून ठेवलेले. खडकावर चौकट ठेवायची, आतले बार्नेकल, म्हणजे खडकाला चिकटून राहणारे छोटे कवचधारी प्राणी, मोजायचे, पुढे सरकायचं. एक जात वर, दुसरी खाली, मधली सीमा अगदी आखल्यासारखी. खालची जात वर तग धरत नाही, ओहोटीत सुकते. वरची खाली जगू शकते, पण तिला शेजारीण जागाच देत नाही. जोसेफ कॉनेल या परिसंस्थाशास्त्रज्ञांनी स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर प्रयोग करून 1961 साली हे मांडलं. वर्गात मी ते पाठ केलं होतं, कळलं मात्र खडकावर ओणवं बसल्यावर.

*

जहाजावर पहिला दीड दिवस नुसत्या उलट्या. मग रात्रपाळीत सीटीडी, म्हणजे पाण्याची क्षारता, तापमान आणि खोली मोजणारं यंत्र, खाली सोडलं. पडद्यावर तापमानाची रेघ सरळ उतरत होती, थर्मोक्लाईन, म्हणजे तापमान झपाट्याने घसरतं तो थर, आली तशी झपकन वळली. डेकवर घामाच्या धारा, आणि 1000 मीटरवरून पाणी भरून आलेली निस्किन बाटली हाताला गारेगार! तो गारवा मी विसरणार नाही.

*

प्राणी आवडतात म्हणून आलात तरी कोरिऑलिस (पृथ्वीच्या फिरण्यामुळे प्रवाह वळतात तो परिणाम) आणि डिफरन्शियल इक्वेशन चुकत नाहीत. संख्याशास्त्र आधीच पक्कं करा, कळकळीने सांगते.

*

प्लवकांच्या, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांच्या, नमुन्यांच्या बाटल्यांवर मी मार्करने लिहिलं होतं. स्पिरिट सांडलं, अक्षरं गेली, 11 नमुने फेकावे लागले. त्या रात्री रडलो. आता पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी बाटलीच्या आतच टाकतो. नव्या मुलांना पहिल्या दिवशी हेच शिकवतो.

*

माझा प्रकल्प पुळणीच्या, म्हणजे वाळूच्या किनाऱ्याच्या, उताराचा. दर महिन्याला त्याच खुणेपासून, त्याच रेषेवर मोजणी. चौथ्या महिन्यात वादळी लाटांनी पुळण खरवडून नेली आणि मी हवालदिल झाले. मॅडम म्हणाल्या, "वाळू कुठे गेली ते शोध." ती पाण्याखाली, किनाऱ्याला समांतर अशा वाळूच्या लांबट उंचवट्यात साठली होती. समुद्र शांत झाल्यावर लाटांनी थोडी थोडी परत आणली. नवव्या महिन्यात गेले, तर माझी खूण वाळूत बुडालेली. हातांनी उकरून काढली आणि मोजायला बसले.