मदत हवी आहे: रॉक मशीन या बँडची कॅसेट कशी उघडू?
नव्वदीतलं पॉप म्हटलं की सगळे अलिशाच्या 'मेड इन इंडिया'वर (१९९५) येऊन थांबतात. गाणं झकासच आहे, पण मुंबईच्या रॉक मशीनला कोणी विचारत नाही. हाच बँड पुढे १९९३मध्ये इंडस क्रीड झाला. मला मात्र आधीचा रांगडा आवाज जास्त आवडतो.

त्यांची १९८८ची 'रॉक अँड रोल रेनेगेड' परवा माळ्यावर सापडली. टेप शाबूत आहे, पण आतल्या पत्र्याच्या पट्टीवरचा फेल्टचा इवलासा चौकोन गळून पडलाय, त्यामुळे आवाज मध्येच दबतो. दुसऱ्या कॅसेटची पट्टी बसवावी म्हटलं, तर हिला स्क्रूच नाहीत, चिकटवलेली आहे! टेपला धक्का न लावता उघडायची कशी? पुण्यात हे काम अजून कोणी करतं का? (पेन्सिलीने रीळ गुंडाळण्यापलीकडे माझी मजल नाही.)