आमच्या गाण्यातले शब्द ज्यांच्यासाठी लिहिले, त्यांनाच कळले नाहीत

खाडीकाठ (प्रश्न):

सर्वांना नमस्कार. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावात आम्ही चौघे गेली तीन वर्षे थ्रॅश मेटल, म्हणजे अतिशय वेगवान आणि संतप्त रॉक संगीत, वाजवतो. हंगाम संपला की आंब्याच्या पेट्यांची शेड रिकामी होते, तिच्या भिंतींना गोणपाट लावून आम्ही तिथेच सराव करतो. सुरुवातीला आम्ही दुसऱ्यांची इंग्रजी गाणी वाजवली, मग स्वतः इंग्रजीत लिहून पाहिले आणि गेल्या वर्षापासून फक्त मराठीत लिहायचे ठरवले, कारण आम्हाला जे सांगायचे होते ते सगळे इथल्याच माणसांचे होते. खाडीत उतरणारे रासायनिक सांडपाणी, न विचारता विकल्या गेलेल्या सामाईक जमिनी आणि गणपतीपुरतीच उघडणारी घरे हे आमचे विषय आहेत.

माझ्या मते हे संगीत अशा विषयांशी सुरुवातीपासून बांधलेले आहे. १९८०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेच्या सॅन फ्रान्सिस्को परिसरात ते आकाराला आले, तेव्हापासून अणुयुद्ध, भ्रष्ट न्यायव्यवस्था, व्यसन आणि युद्धात वापरून टाकलेले सैनिक हे त्याचे विषय राहिले. जर्मनीत ते एसेन आणि गेल्सेनकिर्शेन या कोळसा-पोलादाच्या पट्ट्यातल्या मुलांनी उचलले. म्हणून आपल्या गावाचे दुःख या चालीत बसेल, असे आम्हाला मनापासून वाटले आणि अजूनही वाटते.

मे महिन्यात सत्यनारायणाच्या पूजेच्या रात्री, चाकरमानी गावात असताना, मंडळाने आम्हाला वीस मिनिटे दिली. आम्ही खाडीत मासे मेल्याचे गाणे म्हटले. चाळीस वर्षे खाडीतली मासळी पाटीतून विकणाऱ्या आमच्या वाडीतल्या एका आजींनी जे सांगितले होते, त्यावरूनच ते लिहिले होते. त्या पहिल्या रांगेत बसून होत्या आणि शेवटपर्यंत उठल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला शांतपणे विचारले की, हे गाणे माझे असेल, तर त्यातला एकही शब्द मला का ओळखू आला नाही.

त्या प्रश्नाने मला दोन आठवडे झोप लागलेली नाही. ड्रमर म्हणतो की वेग कमी केला तर ते थ्रॅश राहणार नाही. गिटारवाला म्हणतो की शब्द छापून वाटू या, पण आजींना अक्षरओळख नाही. गाण्याचे मुख्य कडवे असे आहे:

काळे पाणी, काळी रात,
मेले मासे हजारात.

वेग आणि संताप न सोडता शब्द पोहोचवता येतात का? ज्यांनी हे केले आहे किंवा ज्यांना गावातल्या श्रोत्यांची जाण आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

डबलबास:

मी पनवेलला राहतो, मूळ गाव लांज्याकडचे. बारा वर्षे मुंबईतल्या लहान जागांमध्ये वाजवले आहे, त्यावरून लिहितो. आपण वेग कमी करू नये. दोष वेगाचा नाही, जागावाटपाचा आहे.

एक हिशेब मांडून पाहा. मिनिटाला २०० ठोके असा वेग धरला, तर सेकंदाला सव्वातीनपेक्षा किंचित जास्त ठोके पडतात. प्रत्येक अर्ध्या ठोक्यावर एक अक्षर कोंबले, तर सेकंदाला साडेसहापेक्षा जास्त अक्षरे होतात, म्हणजे घाईघाईने बोलण्याइतकी. त्यावर गळा फाडून ओरडले की व्यंजने नाहीशी होतात आणि नुसते स्वर उरतात. तेच प्रत्येक ठोक्याला एक अक्षर ठेवले, तर गिटार त्याच वेगाने धावत राहते आणि शब्द मात्र चालत येतो. कडव्यापुरता ड्रमरने स्नेअरचा, म्हणजे कडक आवाजाच्या मुख्य ड्रमचा, ठोका निम्म्या चालीवर न्यावा आणि पायातले दोन्ही पेडल थांबवावेत. वेग तोच राहतो, पण ऐकणाऱ्याला श्वास घ्यायला जागा मिळते. ध्रुपद (कडव्यानंतर पुन्हा पुन्हा येणारी ओळ) आले की सगळे पुन्हा सोडावे. आपल्या ड्रमरला हे पटेल, कारण थांबून सुटलेला वेग अधिक जोरात लागतो.

दुसरी गोष्ट मिक्सरवरची. माणसाची व्यंजने साधारणपणे दोन ते चार हजार हर्ट्झच्या पट्ट्यात ओळखू येतात आणि डिस्टॉर्शनने आवाज फाटका केलेल्या गिटारची धारही तिथेच असते. गावातल्या मंडपवाल्याचे भोंगे नेमका हाच पट्टा पुढे ढकलतात आणि खालचा आवाज खाऊन टाकतात. गायन चालू असताना दोन्ही गिटारचा तो पट्टा थोडा उतरवा. एवढ्यानेही निम्मे काम होईल.

तिसरी गोष्ट भाषेची, आणि ही मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मराठीत अकारान्त शब्दाच्या शेवटचा अ आपण उच्चारत नाही. खाडीत, काठ, दगड, कोरड हे शब्द व्यंजनावर बंद होतात आणि तळहाताने दाबून वाजवलेली गिटारची तारही अशीच बंद होते. म्हणून ओळीचा शेवट अशा शब्दांवर करा आणि जिथे आवाज लांबवायचा असेल तिथे आकारान्त शब्द ठेवा. न्यूझीलंडचे एलियन वेपनरी माओरी भाषेत थ्रॅश गातात. इंडोनेशियातल्या गारुतच्या मुलींनी २०१४ साली शाळेत असताना काढलेला व्हॉइस ऑफ बाचेप्रोट हा बँड सुंदानी भाषेतही गातो, बाचेप्रोट हा शब्दच त्या भाषेतला असून त्याचा अर्थ गोंगाट असा आहे. २०२४ साली तो इंग्लंडच्या ग्लॅस्टनबरी महोत्सवापर्यंत पोहोचला. त्यांनी इंग्रजीची चाल उसनी घेऊन त्यात आपले शब्द बसवलेले नाहीत, असे ऐकताना जाणवते. आपल्याही चाली मराठी उच्चारातून निघाल्या पाहिजेत.

तुरेवाला:

वयाने मोठा आहे, म्हणून एकेरीत लिहितो, राग मानू नये. मी संगमेश्वर तालुक्यातला. जाखडी म्हणजे आमचा शक्तीवाले आणि तुरेवाले यांच्या सवाल-जबाबाचा नाच-गाण्याचा प्रकार, त्यात तीस वर्षे तुऱ्याच्या बाजूने गायलो. तुझे संगीत मी पहिल्यांदाच मुलाच्या मोबाइलवर ऐकले. मला ते परके वाटले नाही. आमच्याकडे रात्रभर ढोलकी, झांजा आणि पायातले चाळ वाजत असतात, त्या गदारोळातही गावाला शक्तीवाल्याचा सवाल अक्षर न् अक्षर कळतो आणि तुरेवाल्याने जबाब चुकवला तर तोही कळतो. असे का होते, याचा विचार कर.

पहिले कारण म्हणजे शाहीर एकटा गात नाही. तो ओळ टाकतो आणि कोरस ती उचलतो. तिसऱ्यांदा ती येते तेव्हा समोर बसलेला माणूसही ती पुटपुटत असतो. पोवाड्यातल्या झीलकऱ्यांचेही काम तेच. तुमच्या गाण्यात ध्रुपद आहे का? असेल तर ते गावाच्या तोंडी बसेल इतके लहान आहे का?

दुसरे कारण असे की आम्ही विषय आधी सांगतो. वाद्ये थांबतात, शाहीर दोन वाक्यांत काय सांगणार ते बोलतो आणि मग ढोलकीवर थाप पडते. तुम्ही मंचावर चढलात आणि थेट वाजवू लागलात, असे मला तुझ्या लिहिण्यावरून दिसते. पहिले कडवे वाद्यांशिवाय, साध्या आवाजात म्हणा. मग तेच कडवे तुमच्या पद्धतीने म्हणा. आधी कानात बसलेला शब्द आरडाओरड्यातही ओळखू येतो.

गिरणगावात कोकणातून गेलेले हजारो कामगार होते. १९४४ साली निघालेल्या लाल बावटा कलापथकातून अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर त्यांच्यासमोर गात असत, आणि ते लोकांना आवडणाऱ्या तमाशाच्या, पोवाड्याच्या घाटातूनच गात. माझे वडील गिरणीत होते, १९८२च्या संपानंतर गावी परतले, पण ऐकलेल्या पोवाड्यांतली कडवी त्यांना शेवटच्या वर्षापर्यंत पाठ होती. त्यांना वाचता येत नव्हते.

ओहोटी:

मी खाडीकाठची आहे. आईने पाटी वाहिली म्हणून मी शिकले आणि आता कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. वरच्या दोन्ही उत्तरांमध्ये जे आहे ते उपयोगाचेच आहे, परंतु मला वाटते की त्या आजींना शब्द ऐकू आले असते तरीही ते त्यांचे वाटले नसते.

आपण लिहिलेल्या दोन ओळी पाहा. खाडीतले मासे मरतात तेव्हा पाणी काळे असेलच असे नाही. मी लहानपणी जे पाहिले ते पाणी तांबूस होते, वर फेस होता आणि वास घशात बसत होता. मासे रात्री मेलेले दिसत नाहीत, ते पहाटे दिसतात. त्याला कारण आहे. सांडपाण्यातला सेंद्रिय भाग कुजवताना सूक्ष्मजीव पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन वापरून टाकतात. रात्री पाणवनस्पती ऑक्सिजन तयार करत नाहीत, त्यामुळे पहाटेच्या सुमारास तो सर्वांत कमी उरतो आणि मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करतात. त्यातच भांगाची, म्हणजे कमी चढणारी, भरती असेल, तर समुद्राचे ताजे पाणी आत फारसे येत नाही आणि घाण आहे तिथेच घुटमळते. उधाणाच्या दिवशी तेच पाणी थोडे तरी वाहून जाते. हे सगळे त्या आजींना शास्त्राच्या शब्दांशिवाय ठाऊक असते. आपल्या गाण्यात मात्र तिथी नाही, भरती नाही, माशाचे नाव नाही. "मासे" हा शब्द मासे विकणारी बाई क्वचितच वापरते. ती बोय म्हणते, पालू म्हणते, चिंबोरी म्हणते.

आणखी एक गोष्ट मनाला लागली म्हणून लिहिते. खाडी मेली की पुरुष एखाद्या ट्रॉलरवर खलाशी म्हणून जाऊ शकतो. बाईला बंदरावर जाऊन लिलावात मासळी विकत घ्यावी लागते, त्यासाठी रोख भांडवल लागते आणि रिक्षाचे भाडे लागते. पूर्वी ओहोटीला चिखलात उतरून कालवे, तिसऱ्या असे शिंपले काढले की तिच्या हातात स्वतःचे पैसे पडत. ते पैसे गेले, याचा उल्लेख मी आजवर एकाही निवेदनात वाचलेला नाही. आपण ते गाण्यात आणू शकलात तर कितीही ओरडून म्हणा, मी ऐकायला येईन.

लिहिलेले शब्द आजींना वाचून दाखवले होते का, हे कृपया सांगावे.

वहिवाट:

कायद्याच्या बाजूने थोडेसे. गाण्यात कारखान्याचे किंवा माणसाचे नाव घेणार असाल, तर भारतीय न्याय संहितेचे कलम ३५६ बदनामीचे आहे, हे ध्यानात ठेवा. सार्वजनिक हितासाठी केलेले सत्य कथन त्यात अपवाद मानले आहे, परंतु ते सत्य सिद्ध करण्याची तयारी आपल्याकडे असावी लागते, त्यामुळे कागदपत्रे नसतील तर नाव टाळा. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला मनाई आहे, म्हणून कार्यक्रमात आपली वेळ आधीची मागून घ्या.

खाडीकाठ (प्रश्नकर्ता):

उत्तर द्यायला महिना लागला, कारण तेवढा वेळ काम करण्यात गेला. सर्वांचे मनापासून आभार.

ओहोटी ताई, आपल्या प्रश्नाचे उत्तर नाही असे आहे. आम्ही त्यांच्याकडून ऐकले, घरी येऊन लिहिले आणि थेट मंचावर गेलो. हे लिहिताना मला लाज वाटते. आपले उत्तर वाचल्यानंतर मी वही घेऊन आजींच्या ओटीवर गेलो आणि जुने कडवे वाचून दाखवले. त्या म्हणाल्या की रात्र काळी असतेच, त्यात सांगण्यासारखे काय आहे. मग त्यांनी तो दिवस पुन्हा सांगितला आणि या वेळी मी मध्ये बोललो नाही. नवे कडवे असे झाले आहे:

पहाट झाली, भांगाचा दिवस,
बोय वर आली तोंड उघडून.
कुणी गेले नाही पागायला,
पाटी राहिली ओटीवर.

(पागायला म्हणजे जाळे टाकून मासे धरायला.) यमक सुटले आहे आणि गिटारवाल्याला ते अजून पटलेले नाही. डबलबास यांनी सांगितल्याप्रमाणे कडव्यात ठोक्याला एक अक्षर ठेवले, "दिवस" आणि "उघडून" या शब्दांवर गिटार दाबून तोडली, तर "ओटीवर" नंतर दोन मात्रा पूर्ण शांतता ठेवली. त्या शांततेतून ध्रुपदावर सुटताना ड्रमरने पहिल्यांदा कबूल केले की हे आधीपेक्षा जड लागते. ध्रुपदात आता फक्त "पाटी रिकामी" एवढेच दोन शब्द आहेत आणि ते आम्ही चौघेही म्हणतो.

गेल्या रविवारी आजी स्वतः शेडमध्ये आल्या. सोबत त्यांची सून आणि शेजारच्या दोन बायका होत्या. आम्ही त्यांना कापसाचे बोळे दिले, त्यांनी ते हातात धरून ठेवले. तुरेवाले काकांनी सांगितल्यासारखे मी पहिले कडवे वाद्यांशिवाय म्हटले आणि मग पूर्ण गाणे वाजवले. तिसऱ्या ध्रुपदाला सून आमच्याबरोबर म्हणत होती. गाणे संपल्यावर आजी म्हणाल्या की बोय वर आली ती ओळ बरोबर आहे, पण त्या दिवशी पाटी ओटीवर नव्हती, त्यांनी ती पाण्याने धुऊन मागच्या दारी पालथी घातली होती. आम्ही ती ओळ बदलत आहोत. काका, गणपतीत पाचव्या दिवशी संध्याकाळी सात वाजता देवळासमोर आमची वेळ ठरली आहे. आपण ढोलकी घेऊन याल का?