मदत हवी आहे: युक्रेन युद्ध आणि तटस्थ देश

नमस्कार मंडळी, सोलापुरात राज्यशास्त्रात पीएचडी करतेय. विषय: एका प्रदेशातलं युद्ध जगाची घडी कशी बदलतं. १९५६ च्या सुएझ युद्धात ब्रिटन-फ्रान्सचा दरारा ओसरला. युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर फिनलंड, स्वीडन नाटोत गेले. यावर भरपूर लिहिलं गेलंय. मला ओढ आहे ती तटस्थांची. २ मार्च २०२२ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत रशियाविरोधी ठरावाच्या बाजूने १४१, विरोधात ५, तटस्थ ३५, त्यात भारतही. याला काखा वर करणं म्हणणाऱ्यांशी माझं अजिबात पटत नाही.

या ३५ देशांनी मतदानाची दिलेली स्पष्टीकरणं एकत्र कुठे मिळतील? शिवाय अक्कलकोट रोड एमआयडीसीतले कुणी टॉवेल निर्यातदार युद्धकाळातल्या ऑर्डर, जहाजभाडं, अडकलेले पैसे यावर बोलतील का? नाव गुप्त ठेवेन. ओळखीत कुणी असल्यास कृपया कळवा.