काडतुसं घरी भरणाऱ्या नवशिक्याने प्रोग्रेसिव्ह प्रेस घ्यावा का?

ब्राझोसकाठी (ह्यूस्टन)

अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी काडतुसं घरी भरायला फेडरल परवाना लागत नाही, त्यामुळे नेमबाजीची हौस असलेली आपली काही मंडळीही आता त्यात उतरली आहेत. परवा रेंजवर एका ओळखीच्याने स्वतः भरलेली ९ मिमीची काडतुसं आणली होती. एक चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या, काडतूस बसायच्या जागेत) अडकलं, स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) पूर्ण मिटेना. तो तळहाताने ती पुढे ठोकायला लागला, तेव्हा मी त्याचा हातच धरला. न बसणारं काडतूस ठोकून बसवायचं नसतं. पिस्तूल सुरक्षित दिशेला धरून ते बाहेर काढायचं आणि का बसलं नाही ते बघायचं.

नेमकं हेच त्याला कळेना. नवाकोरा प्रोग्रेसिव्ह प्रेस, म्हणजे काडतुसं भरायचं यंत्र. दांडा एकदा ओढला की एका पुंगळीचं (काडतुसाच्या रिकाम्या कवचाचं) सायझिंग, म्हणजे दाबून मापात आणणं, दुसरीत दारू, तिसरीवर गोळी, चौथीला क्रिम्प, म्हणजे तोंड आत दाबणं, सगळं एकदम. बिघाड कुठल्या टप्प्यावर झाला हे नवख्याने ओळखायचं कसं?

खरं तर उपाय सोपा आहे. पिस्तूल रिकामं करून नळी काढा, अडलेल्या काडतुसाला काळा मार्कर फासा, नळीत सोडा, बोटाने जरासं फिरवा आणि बाहेर काढा. रंग गोळीवर खरवडला असेल तर गोळी नळीच्या आतल्या पिळदार आट्यांना टेकतेय, म्हणजे एकूण लांबी जास्त. पुंगळीच्या तोंडाशी खरवडला असेल तर गोळी बसावी म्हणून तोंडाला दिलेला फुलवा नीट मिटलेला नाही. बुडाशी खरवडला असेल तर सायझिंग डाय (पुंगळी मापात आणणारा साचा) पुरेशी खाली आलेली नाही. चांगलं काडतूस टप्पकन पडतं, सहज फिरतं आणि नळी उलटी केली की आपोआप बाहेर येतं.

तोंड बसवायचं म्हणून क्रिम्प आवळत सुटणाऱ्यांना एक सांगणं: ९ मिमीची पुंगळी चेंबरमध्ये तोंडाच्या कडेवर टेकते. ती कड जास्त दाबली तर काडतूस आत घुसतं आणि प्रायमरवर (बुडातल्या, दारू पेटवणाऱ्या टोपीवर) ठोका हलका बसतो.

माझं मत ठाम आहे. पहिलं वर्षभर सिंगल स्टेज प्रेसच. एका वेळी एक काम, प्रत्येक कामानंतर कॅलिपरने माप.

फिनिक्सकर

साफ असहमत. मार्करची युक्ती उत्तम, पण ती प्रोग्रेसिव्हवर भरलेल्या काडतुसालाही तितकीच लागू पडते. चार टप्प्यांचा गोंधळ होतो म्हणता, तर शेलप्लेटवर (पुंगळ्या धरणाऱ्या फिरत्या चकतीवर) एकच पुंगळी ठेवून ती शेवटपर्यंत फिरवा. प्रोग्रेसिव्हचा सिंगल स्टेज झाला.

सिंगल स्टेजचा खरा धोका तुम्ही सांगितलाच नाही. फळीवर पन्नास पुंगळ्या उघड्या तोंडाने उभ्या, दारू भरता भरता दारावरची बेल वाजते. परत आल्यावर कुठवर भरलं होतं? तिथेच एखादी पुंगळी दोनदा भरली जाते. शेलप्लेट आपोआप फिरणाऱ्या प्रेसमध्ये दांडा पूर्ण ओढला की पुंगळी पुढे सरकते, दारूखाली तीच पुन्हा येत नाही. प्लेट हाताने फिरवायच्या प्रेसवर मात्र तुमची भीती खरी आहे.

आणि निम्मी दुखणी प्रेसची नसतातच, रेंजवरून गोळा केलेल्या पुंगळ्यांची असतात. ९ मिमीच्या ढिगात दुसऱ्याच मापाची .३८० सापडते. लष्करी पुंगळीत प्रायमरची कड आवळलेली असते, नवा प्रायमर बसत नाही. .४५ मध्ये तर काहींची प्रायमरची खोबण मोठी, काहींची छोटी. आधी निवडायला बसा.

एरीकाठची ताई (क्लीव्हलँड)

दोघांचंही पुरतं पटलं नाही. मी .३८ स्पेशलची रिव्हॉल्वर चालवते. ही पुंगळी काळ्या दारूच्या काळातली, पोटात भरपूर जागा. आजच्या दारूची छोटी मात्रा तळाशी पडून राहते आणि दुप्पट पडली तरी बाहेर सांडत नाही. सामीची (अमेरिकेतली काडतुसांची मानकं ठरवणारी संस्था) दाबमर्यादा हिला १७,००० पीएसआय, ९ मिमीला ३५,०००. दुप्पट मात्रेला इथे माफी नाही. प्रेस कुठलाही असो, गोळी ठेवण्याआधी प्रत्येक पुंगळीत दिव्याच्या उजेडात डोकावलंच पाहिजे. प्रोग्रेसिव्हवर त्या जागेच्या नेमका वर दिवा लावा.

उलटा धोकाही आहे. दारू पडलीच नाही तर नुसता प्रायमर उडतो आणि गोळी नळीत अडकते. पिस्तुलाची स्लाइड अशा वेळी बहुधा मागे येत नाही, म्हणून माणूस थांबतो. रिव्हॉल्वरचं सिलिंडर चापासरशी फिरतं आणि पुढचं काडतूस तयार! मागची गोळी अडकलेल्या गोळीवर आदळली की नळी फुगते किंवा फुटते. आवाज दबका आला, धक्का कमी बसला, की हात तिथेच थांबला पाहिजे. थोडं थांबा, रिव्हॉल्वर रिकामी करा आणि नळी तपासा.

पंचगंगा (कोल्हापूर)

इथल्या वाचकांसाठी लिहिते. भारतात काडतुसं बनवायला शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ खाली परवाना लागतो, त्यामुळे हे वाचून कुणी घरी प्रयोग करू नये. आमच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं ते २५ मीटर पिस्तुलात, आणि तिथे .२२ रिमफायर चालतं. त्यात प्रायमरचा मसाला पुंगळीच्या कडेतच असतो, ती पुन्हा भरण्याजोगी नसते.

मला वाटतं, महिन्याला मोजकीच काडतुसं लागणाऱ्याने तिकडेही कारखान्याचीच घ्यावीत.

ब्राझोसकाठी

फिनिक्सकर, फळीचा मुद्दा रास्त. त्यावर माझ्याकडे पद्धत आहे: पुंगळीत दारू पडली की लगेच वर गोळी ठेवायची, उघडी पुंगळी फळीवर उभी राहतच नाही. आणि मध्येच थांबून परत आल्यावर हातातली पुंगळी ओतून टाकायची. पण एकच पुंगळी फिरवायची शिस्त नवीन माणूस पाळेल यावर माझा विश्वास नाही. वेगासाठीच तर त्याने ते यंत्र घेतलेलं असतं.

ताई, दिव्याचं शंभर टक्के मान्य.

त्या ओळखीच्याचं निदान झालं. मार्कर गोळीवर खरवडला गेला. लांबी १.१५० इंच, म्हणजे १.१६९ या कमाल मर्यादेच्या आतच. पण गोळी चपट्या नाकाची आणि पिस्तूल सीझेड ७५, ज्याच्या नळीत आटे लवकर सुरू होतात. आता गोळी आणखी आत बसवायची तर पुंगळीतली जागा कमी होऊन दाब वाढणार, म्हणून त्याच गोळीची नोंद काडतुसं भरायच्या पुस्तिकेत शोधून सुरुवातीच्या मात्रेपासून पुन्हा यायचं. त्याने कमाल मात्रेच्या जवळ भरली होती, त्यामुळे उरलेली सगळी काडतुसं हातोडीच्या पुलरने (आपटून गोळी बाहेर काढायच्या हत्याराने) मोकळी करायला सांगितलीत.