अनुभव धागा : अंदमानची छोटी सुट्टी, आणि त्यातून मनात राहिलेलं

अंदमानला जाऊन आलेल्यांसाठी हा धागा. कुठलं हॉटेल घ्यावं, कुठली बोट पकडावी ही माहिती सगळीकडे मिळते, ती इथे नको. परत येऊन बॅगा रिकाम्या झाल्या, फोटो नातेवाइकांना पाठवून झाले, तरी जे डोक्यातून गेलं नाही ते लिहा. एकच गोष्ट लिहिलीत तरी चालेल, पण हात आखडता घेऊ नका.

नावांबद्दल थोडं. २०१८ मध्ये रॉस, नील आणि हॅवलॉक यांची नावं बदलून नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप, शहीद द्वीप आणि स्वराज द्वीप झाली. पोर्ट ब्लेअरला २०२४ पासून श्री विजयपुरम म्हणतात. तुमच्या तोंडात जे नाव असेल ते लिहा, सगळ्यांना कळेल.

सुरुवात माझ्यापासून.

डोंबिवली

मला रॉस बेट सोडत नाही. इंग्रजांचा अंदमानचा कारभार ऐंशीहून जास्त वर्षं तिथून चालला. चर्च, बेकरी, छापखाना, नाचाचा हॉल, पोहण्याचा तलाव, सगळं त्या एवढ्याशा बेटावर. आता छपरं नाहीत. उरलेल्या भिंतींवरून वडा-पिंपळाच्या जातीच्या झाडांची मुळं खाली उतरली आहेत आणि विटांच्या फटींत इतकी खोल शिरली आहेत, की काही ठिकाणी भिंतीने झाड धरलंय की झाडाने भिंत, ते कळत नाही. मधूनच हरणं येतात, माणसांना न बिचकता चरतात.

ते दृश्य सुंदर आहे, यात शंका नाही. पण तिथल्या फलकावर वाचलं, की १८५८ च्या मार्चमध्ये कैद्यांची पहिली तुकडी अंदमानात आणली, दोनशे माणसं, आणि इथलं जंगल तोडायचं काम त्यांच्याकडून करवून घेतलं. त्यानंतर त्या नाचाच्या हॉलकडे नुसतं ‘किती छान’ म्हणून बघणं मला जमलं नाही. जुनी वास्तू पाहताना ती कोणाच्या हातांनी उभी राहिली, हा प्रश्न आता आपोआप येतो. मग तो किल्ला असो की गिरगावातली चाळ.

सातारा

मी निवृत्त इतिहास शिक्षक. सेल्युलर जेलबद्दल लिहितो.

बांधकाम १८९६ ते १९०६. मधोमध मनोरा आणि त्याच्यापासून फुटणाऱ्या सात तीनमजली इमारती. त्यातल्या आज तीनच उभ्या आहेत. रचना अशी, की एका इमारतीच्या कोठड्यांची तोंडं शेजारच्या इमारतीच्या पाठीकडे येतात. समोर बघावं तर भिंत. कोठडी साधारण साडेचार मीटर लांब, पावणेतीन मीटर रुंद, आणि झरोका तीन मीटर उंचीवर. माणसाला माणूस दिसू नये यासाठी एवढी बुद्धी खर्च केली आहे. बाबाराव सावरकर तिथे आधीपासून होते आणि १९११ मध्ये तात्यारावांना आणलं. एकाच तुरुंगात दोन सख्खे भाऊ, आणि बराच काळ भेट नाही. हे वर्गात सांगणं वेगळं आणि त्या कोठडीत उभं राहून कळणं वेगळं.

आपली मराठी मंडळी बहुधा तात्यारावांच्या कोठडीला नमस्कार करून परत फिरतात. माझी सर्वांना विनंती आहे, मनोऱ्यातल्या संगमरवरी पाट्यांपाशी थांबा. प्रांतवार नावं कोरलेली आहेत, आणि बंगालची यादी संपता संपत नाही. मी ती मोठ्याने वाचली. बारींद्र घोष, उल्लासकर दत्त. मग १९३३ च्या उपोषणात बळजबरीने दूध पाजल्यामुळे गेलेले महावीर सिंह, मोहित मोइत्रा, मोहन किशोर नामदास. पंजाबातली नावं आली, संयुक्त प्रांतातली आली. माझ्याबरोबर नातू होता, तोही वाचू लागला. शेजारी एक बंगाली आजोबा उभे होते. त्यांनी दोन नावांचे उच्चार आम्हाला सुधारून दिले आणि मग सावरकरांची कोठडी कुठे आहे ते मला विचारलं. आम्ही त्यांना वर घेऊन गेलो.

पाडलेल्या इमारतींच्या जागेवर सरकारी रुग्णालय आहे. खाली उतरलो तेव्हा एक बाई तान्हं मूल घेऊन बाहेर येत होती. त्या आवारात मूल जन्माला येतं, हे मला फार बरं वाटलं.

ठाणे

माझं अगदी छोटं आहे. डिसेंबरात तिथे पाचच्या सुमाराला सूर्य मावळतो! आपली घड्याळाची वेळ साडेब्याऐंशी रेखांशावरची, आणि अंदमान त्याच्या दहा अंश पूर्वेला. म्हणजे चाळीस मिनिटांचा फरक तिथेच पडला, आणि मुंबईच्या मानाने तर तास-सव्वा तासाचा. हॅवलॉकवरच्या राधानगरच्या किनाऱ्यावर आम्ही चारलाच जाऊन बसलो. मागे उंच महुव्याची झाडं, पुढे पांढरी वाळू, सूर्य पाण्यात. सहाला मिट्ट काळोख.

मी रोज रात्री साडेआठला लोकलमधून उतरते. माझ्या ऑफिसच्या खिडकीतून सूर्य दिसत नाही. मावळतीची वेळ ठरवून तिथे हजर राहणं, हे मी शाळेनंतर प्रथमच केलं. आता शनिवारी तलावपाळीला जाते, मुलाला घेऊन.

सोलापूर

आई माझ्याबरोबर होती. आई सोलापूरची, पाणी म्हणजे तिच्या लेखी टँकरची वाट बघणं. नील बेटावर ओहोटीला खडकांवरून चालायला नेतात. एक बंगाली मुलगा वाटाड्या होता. तो तिला म्हणाला, “माँजी, मैं जहाँ बोलूँ वहीं पैर रखना.” ती म्हणाली, “तसंच करते रे बाबा,” आणि खरोखर तसंच केलं.

खडकांतल्या डबक्यांत समुद्रकाकडी होती, तारामासा होता, बोटभर लांबीचे निळे मासे होते. एका ठिकाणी मोठा शिंपला खडकात रुतून बसलेला. त्याचे ओठ निळे-हिरवे, मखमली. आई वाकली आणि तो मिटला. तिला वाटलं, पाय लागला. मुलगा म्हणाला, सावली पडली तुमची. ती बाजूला झाली. थोड्या वेळाने तो हळूहळू उघडला.

“अगं, नुसत्या सावलीनं मिटतंय ते!”

त्यानंतर आई प्रत्येक डबक्यापाशी आधी सूर्य कुठे आहे ते बघायची, फिरून पलीकडे जायची आणि मग वाकायची. तिला कोणी सांगितलं नव्हतं. घरीदारी, पुतण्यांच्या लग्नांत, आजारपणांत ती अशीच वावरत आली आहे, कोणावर भार न पडेल अशी. मी ते आयुष्यभर पाहिलं होतं, पण ते दिसलं मला तिथे, गुडघाभर पाण्यात. परत आल्यावर मी तिच्याशी वागायची पद्धत बदलली. काय बदललं ते इथे लिहीत नाही, पण तिला ते जाणवलंय.

कोणाला माहीत असेल तर सांगा, ओहोटीची वेळ आधी कशी ठरवायची? आम्हाला नशिबाने मिळाली. मावशीलाही न्यायचंय.

पुणे

सोलापूरच्या ताई, तुमच्या आईंचं वाचून डोळे भरून आले. मी पाण्याखालचं लिहितो.

प्रवाळ म्हणजे रंगीत दगड नव्हे. ते बारीक प्राण्यांचं गाव असतं, आणि त्या प्राण्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं. शेवाळ सूर्यप्रकाशातून अन्न करतं आणि प्राण्याला देतं. पाणी जास्त दिवस तापलं की ही सोबत तुटते, शेवाळ बाहेर पडतं आणि प्रवाळ पांढरं होतं. पाणी लवकर निवलं तर जगतं, नाहीतर मरतं. २०१० मध्ये अंदमानात हे फार मोठ्या प्रमाणावर झालं, २०१६ मध्ये पुन्हा.

मी कॉलेजात असताना, २०१० च्या आधी, हॅवलॉकला डुबकी मारली होती. आता बायकोला दाखवायला गेलो. शिंगांसारख्या फांद्यांच्या प्रवाळाचं रान जिथे माझ्या आठवणीत होतं, तिथे काड्यांचा खच होता. मुखवट्याच्या आत रडता येतं, हे तेव्हा समजलं. मग प्रशिक्षकाने माझा खांदा धरून मला खाली वळवलं आणि त्या खचातला एक तुकडा बोट न लावता दाखवला. त्यावर नखाएवढं नवं प्रवाळ होतं, फिकट जांभळं. थोडं पुढे आणखी एक. तो वर आल्यावर म्हणाला, मी यांच्यासाठीच रोज उतरतो.

नुकसान झालं आहे, ते खरं आहे आणि चालूच आहे. पण मेलेल्यावरच नवं बसतं, हेही खरं. मला दोन्ही एकदम धरायला शिकायचं आहे. वडील गेल्यापासून तेच शिकतोय.

आणि कळकळीची विनंती, किनाऱ्यावरून प्रवाळाचा तुकडा उचलू नका. वन्यजीव कायद्याने बंदी आहे, विमानतळावर काढूनही घेतात. रिकामे शंखही राहू द्या, शंखातल्या खेकड्यांना ते घर म्हणून लागतात.

नाशिक

आम्ही पोर्ट ब्लेअरला एका घरी उतरलो होतो. घरच्या आजींना मी सवयीने विचारलं, तुमचं मूळ गाव कुठलं? त्या म्हणाल्या, “यहीं के हैं.” मग चहा पिता पिता सांगू लागल्या. त्यांचे पणजोबा जन्मठेपेचे कैदी, पणजीही कैदीच, प्रांत वेगळे, जाती वेगळ्या. चांगली वागणूक असलेल्या कैद्यांना पुढे जमीन कसायला आणि परवानगीने लग्न करायला मुभा मिळे. अशा घरांच्या वंशजांना तिथे ‘लोकल बॉर्न’ म्हणतात. पणजोबांचा गुन्हा काय होता, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

आपल्याकडे नाव झालं की आडनाव, आडनाव झालं की गाव, आणि त्यातून काय काढायचं ते माणूस मनात काढून घेतो. त्या आजींच्या घरात सुनांपैकी एक तमिळ, एक रांचीकडची. सगळ्यांचं हिंदीत चालतं. समुद्रापार गेलं की जात जाते, या भीतीने एकेकाळी माणसं काळ्या पाण्याला घाबरत. ती गेली तेव्हा त्यांनी काय सोसलं असेल याची कल्पना करवत नाही. पण त्यांच्या पणतीच्या स्वयंपाकघरात बसून मला मोकळं वाटलं. माझ्या मुलीचं लग्न ठरवायच्या दिवसांत हे घडलं, आणि मुलगी म्हणाली त्या मुलाला मी होकार दिला.

श्री विजयपुरम

नौदलातल्या नवऱ्यामुळे सध्या इथेच राहते, म्हणून पाहुण्यांच्या बाजूने नाही तर इथून लिहिते. पुष्कळसं सामान चेन्नई, कोलकाता, विशाखापट्टणमहून जहाजाने येतं. हवा बिघडली की बाजारात आधी कांदे-बटाटे दिसेनासे होतात. शेजारीण बंगाली आहे, तिने मला परसात भाजी लावायला शिकवलं. इथे कोणी एकटं साठवत नाही. हॅवलॉकची बोट रद्द झाली म्हणून जेट्टीवर चिडलेले पर्यटक दिसतात, तेव्हा वाटतं, त्यांना सांगावं की त्याच बोटीवर कोणाची तरी डॉक्टरची वेळ असते.

नागपूर

मी बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा पाहिल्या नाहीत. रस्ता जारवा या आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो, म्हणून नको म्हटलं.

मी गडचिरोलीत आरोग्य खात्यात काम केलं आहे. बाहेरच्या माणसाबरोबर काय काय जंगलात शिरतं, ते मी पाहिलं आहे. जारवा १९९७-९८ पासून वस्त्यांकडे येऊ लागले आणि १९९९ मध्ये त्यांच्यात गोवराची साथ आली. ते काहीशेच आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये तो रस्ता त्यांच्या भागात बंद करायला सांगितलं होतं. तरी गाड्यांचे ताफे सुरू राहिले. फोटोला बंदी आहे, थांबायला बंदी आहे, पण काचेतून शोधणाऱ्या नजरेला कोण बंदी घालणार?

त्या दिवशी आम्ही चिडिया टापूला गेलो, झाडांखाली बसलो, पोपट पाहिले. जगात सुंदर आहे ते सगळं मला दाखवलंच पाहिजे, असं नाही. ते आपल्या जागी नांदत असलं तरी पुरे.

अलिबाग

आम्ही कोळी. वडिलांना घेऊन गेलो होतो, जन्म होडीवर गेलेला माणूस. नील बेटावर भरतपूरच्या किनाऱ्यावर काचेच्या तळाच्या बोटीतून ते कितीतरी वेळ खाली बघत राहिले. म्हणाले, “एवढं निर्मळ पाणी, पण आपल्याएवढं म्हावरं नाय यात.” बरोबरच आहे. पाणी इतकं नितळ असतं कारण त्यात तरंगणारं खाणं कमी असतं. आपल्या खाड्या आणि पावसाळी नद्या जो गाळ आणि जे सत्त्व आणतात, त्यावर बोंबील, मांदेली, कोळंबी पोसते. लोक आमच्या किनाऱ्यावर येऊन पाण्याला मळकट म्हणतात तेव्हा मी गप्प बसायचो. आता समजावून सांगतो. सुंदर तेही आहे आणि हेही.

सोलापूरच्या ताई, ओहोटीचं सांगतो. आमच्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण कळते. चतुर्थी म्हणजे तीनच्या आसपास. हे गणित आपल्या किनाऱ्याचं, तिथे तसंच लागू होणार नाही, कारण प्रत्येक बंदराची वेळ निराळी. पण अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं आणि त्याच दिवसांत ओहोटीला पाणी सगळ्यात आत जातं, हे बहुतेक सगळीकडे सारखं. ते दिवस धरा, वेळ तिथल्या बोटवाल्याला विचारा, आणि पाणी वळायच्या तासभर आधी खडकात उतरा. मावशींच्या पायात जाड तळव्याचे जुने बूट असू द्या, खडक धारदार आहेत.